हिमगौरी आमच्या पोरांना दाखवायची का?

(रविवारी बालवाडीच्या पोरांना कोणता सिनेमा दाखवायचा यावरून वाद झाला. त्यासाठी वस्तीतल्या वाचनालयात बैठक भरली, तिथं केलेलं हे भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. फक्त शिव्या गाळल्यात.)

मित्रांनो, आणि मागं दारात उभ्या राहिलेल्या आयाबायांनो, पहिलं आत या. खुर्च्या कमी आहेत, पण सतरंजी मोठी आहे. दाराबाहेर उभं राहून ऐकायचे दिवस आपण मोडीत काढलेत.

मी सिनेमाचा जाणकार नाही. दहावी झालो आणि गोदीत लागलो. तेही कायम नाही, कंत्राटावर. बोट लागली तर काम, नाही लागली तर खाडा. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलायला उभं करता. एरवी माझ्या हातात हुक असतो आणि बोलायचं काम मुकादम करतो. तेव्हा हे गोणी उचलणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. गोणी पाठीवर घेण्याआधी आम्ही ती एकदा हलवून बघतो. वजन कुठल्या बाजूला आहे, शिवण कुठं उसवलीय, आतून काय टोचतंय. मग उचलतो. सिनेमाचंही मी तेच केलं.

प्रश्न साधा आहे. प्रोजेक्टर मिळालाय. बालवाडीपासून चौथीपर्यंतची पन्नासेक पोरं जमतील. आपल्या काही मित्रांनी 'हिमगौरी आणि सात बुटके' आणलाय. बालवाडीच्या बाई म्हणतात, लहान पोरं घाबरतील. एक मित्र म्हणतो, अरे परीकथा आहे, कार्टून आहे, त्यात काय तपासायचं? दुसरा म्हणतो, सगळा भांडवली माल आहे, पडदाच लावू नका. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. आणि तिघांनीही सिनेमा नीट पाहिलेला नाही. मी दोनदा पाहिला. एकदा रातपाळीनंतर एकट्यानं, आणि एकदा माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मांडीवर घेऊन. दोन्ही वेळा वेगळा सिनेमा दिसला.

आधी माल कुठून आला ते सांगतो. गोष्ट जर्मनीतली. ग्रिम नावाच्या दोन भावांनी ती १८१२ साली छापली. सिनेमा अमेरिकेतला, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओचा. २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा दाखवला. त्याआधी कार्टून म्हणजे सात-आठ मिनिटांची गंमत. हा सुमारे ८३ मिनिटांचा, संपूर्ण रंगीत, आणि सगळा हातानं काढलेला. लोकांनी जगभर रांगा लावल्या. १९३९ साली डिस्नेला त्यासाठी खास ऑस्कर दिलं, एक मोठी बाहुली आणि सात छोट्या.

पण आपल्या बाईंची शंका तेव्हाही निघाली होती. १९३८ मध्ये इंग्लंडच्या सेन्सॉरनं ह्या सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र दिलं. म्हणजे सोळा वर्षांच्या आतल्या पोरानं मोठ्या माणसाशिवाय आत जायचं नाही. परीकथेला! तेव्हा 'कार्टून आहे, चालतंय' म्हणणाऱ्या मित्रानं एवढं ध्यानात घ्यावं, की हा वाद सिनेमाच्याच वयाचा आहे.

घाबरण्यासारखं आहे काय त्यात? आहे. मी मोजून सांगतो.

शिकाऱ्याच्या सुऱ्यातून सुटलेली हिमगौरी रानात पळते तिथं झाडांना डोळे फुटतात, फांद्यांचे पंजे होतात, पाण्यातले ओंडके मगरी होऊन जबडा उघडतात. हे सिनेमाच्या सुरवातीलाच येतं. पोर अजून सतरंजीवर नीट टेकलेलंही नसतं. मग पुढं राणी काढा पिते आणि तिची म्हातारी होते. हात वाळतात, बोटं वाकडी होतात, आवाज फाटतो. विषात बुडवलेल्या सफरचंदावर कवटी उमटते. आणि तळघरात एक सांगाडा आहे. पाण्याच्या सुरईकडं हात लांबवून मेलेला कैदी. राणी त्याला हसते आणि सुरईला लाथ मारते. भाचीनं विचारलं, मामा, त्याला पाणी का नाही दिलं? मी म्हणालो, तू मोठी हो, सगळं सांगतो. पाणी नाकारणं म्हणजे काय हे आपल्या घरात शिकवायला कार्टून लागत नाही.

आता पोरं घाबरतात म्हणजे कशी घाबरतात? आमच्या मजल्यावर चार वर्षांचं एक पोरगं आहे. त्यानं हा सिनेमा बापाच्या मोबाइलवर एकट्यानंच बघितला. बाप ड्युटीवरून येऊन झोपलेला, मोबाइल पोराच्या हातात. त्या रात्रीपासून ते व्हरांड्याच्या टोकाच्या संडासला एकटं जाईना. खिडकीबाहेरच्या झाडाला डोळे आहेत म्हणायचं. आईनं हजारदा सांगितलं, अरे खोटं असतं ते. उपयोग शून्य. लहान मुलांच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच पाहिलंय. तीन-चार-पाच वर्षांचं पोर दिसण्याला घाबरतं. जे भयंकर दिसतं ते त्याच्यासाठी भयंकर असतं, आणि 'खोटं आहे' हे शब्द त्याच्या कामाचे नसतात. मांडी कामाची असते. हात धरलेला कामाचा असतो. मोठं पोर, आठ-नऊ वर्षांचं, शब्दानं समजतं.

त्या पोराची भीती आठ-दहा दिवसांत गेली. बापानं स्वतः त्याला झाडाखाली नेलं, खोडाला हात लावायला लावला, खाली बसून दोघांनी शेंगदाणे खाल्ले. संपलं. बाई, तुमची शंका खरी आहे, पण तिच्यावर औषध आहे. मला जी दुसरी गोष्ट सांगायचीय तिच्यावर औषध मिळायला फार वेळ लागतोय.

माझी भाची घाबरली नाही. जंगलात मांडीवर नुसती आवळून बसली, चेटकीण आली तेव्हा तोंड माझ्या सदऱ्यात घातलं, आणि परत बघायला लागली. मी म्हणालो, पोरगी धीट आहे. दोन दिवसांनी दुसऱ्या पाळीवरून घरी आलो. रात्रीचे बारा वाजून गेलेले. ताई झोपलेली, पोरगी जागी. आमच्याकडं पत्र्याच्या चौकटीचा आरसा आहे, दाढी करायचा. तो तिनं खाली काढून भिंतीला टेकवला होता. तांदळाच्या पिठाचा डबा उघडा. तोंडाला, मानेला, हाताला सगळीकडं पीठ. मला बघून म्हणाली, "मामा, आता आरसा माझं नाव घेईल का?"

मित्रांनो, मी साठ किलोची गोणी उचलतो. त्या रात्री मला तिला उचलता येईना.

घाईघाईनं सिनेमाच्या नावानं बोटं मोडणार होतो. मग विचार केला, साला, हिशोब नीट लाव. पोरीला सिनेमा कुणी दाखवला? मी. तिच्या बारशाला आलेल्या बायका काय म्हणाल्या होत्या? "नाकीडोळी नीटस आहे हो, पण रंग मामावर गेलाय." आणि त्यावर आम्ही सगळे हसलो होतो. ताईसाठी स्थळं बघताना आमच्याच लोकांनी, जातीचे दाखले फेकून मारणाऱ्या आमच्याच लोकांनी, विचारलं होतं, मुलगी उजळ आहे का? तो आरसा अमेरिकेतून आलेला नाही. तो आमच्या घरात आधीपासून टांगलेला होता. सिनेमानं फक्त त्याला तोंड दिलं.

आणि ह्या गोष्टीचं नाव मराठीत आणताना आपण काय केलं बघा. मूळ नाव 'बर्फासारखी पांढरी' एवढंच. आपण म्हणालो हिमगौरी. गौरी म्हणजे गोरी, आणि वर देवीचंही नाव. गोरेपणाला मखरात बसवून टाकलं. म्हणजे पोरीनं पडदा बघायच्या आधी नावातच निकाल लागला.

सिनेमातला आरसा नीट बघा. मी दुसऱ्यांदा बघितला तेव्हा कळलं. राणी त्याला हाक मारते ती 'गुलाम' म्हणून. आगीतून एक मुखवटा वर येतो. तो आपल्या मनानं काही बोलत नाही, विचारलं तेवढंच सांगतो. आणि विचारायचं काय हे राणी ठरवते. ती असं विचारत नाही की, राज्यात कोण उपाशी आहे? कुणाला पाणी मिळालं नाही? ती एकच विचारते, सगळ्यांत सुंदर कोण? मग तो ओठांचा रंग सांगतो, केसांचा सांगतो, कातडीचा सांगतो. शिकाऱ्यानं राणीला फसवलं हेही तोच सांगून टाकतो. म्हणजे नुसता आरसा नाही, खबऱ्या आहे. त्याचं बोलणं पोरांना सत्य वाटतं, कारण सिनेमात कुणीच त्याला उलट विचारत नाही. हिमगौरी विचारत नाही, बुटके विचारत नाहीत, राजपुत्र तर नाहीच नाही. ही सिनेमातली खरी उसवलेली शिवण. झाडांचे डोळे नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये डिस्नेनं हाच सिनेमा माणसं घेऊन पुन्हा काढला. नायिका रेचल झेग्लर, आईकडून कोलंबियाच्या वंशाची. त्यावरून तिकडं केवढा गदारोळ झाला, की हिमगौरी एवढी गोरी नाही! नव्या सिनेमात नावाचं कारणही बदललं, ती बर्फाच्या वादळात जन्मली म्हणून हे नाव. चांगलं केलं. पण गदारोळ करणाऱ्यांनी एक गोष्ट सिद्ध करून दिली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं एका चित्रानं किती जणांच्या डोक्यात घर केलंय ते. आणि हे असे, की ज्यांना कुणी कधी काळं म्हणून हिणवलेलं नाही.

आता सावत्र आईचं. आपल्या पलीकडच्या गल्लीत एक पोरगा आहे. आई गेली, बापानं दुसरं लग्न केलं. ती दुसरी बाई पहाटे चारला उठते, पोराचा डबा करते, मग तीन घरची भांडी घासायला जाते. सिनेमा बघून पोरं त्या मुलाला विचारायला लागली तर? "तुझी आई सफरचंद देते का रे?" पोरं निर्दय असतात, आपणही होतो. तर ऐका. ग्रिम भावांच्या १८१२ च्या पहिल्या पुस्तकात ती राणी सावत्र नाहीच. सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. सख्खी आई असं करते हे छापवेना, म्हणून दोष परक्या बाईवर ढकलला. आपल्याला ही पद्धत ओळखीची आहे. घरातलं पाप गावकुसाबाहेर टाकायची. पोरांना एवढं सांगायला पाहिजे, की ती बाई वाईट आहे ती सावत्र म्हणून नाही. सत्ता आणि हेवा एकत्र आले की कुणीही तसं होतं.

मग सात बुटके. मला सगळ्यांत जास्त ओळखीचे वाटले ते हे. खाणीत काम करतात. पाळी सुटली की रांगेनं गात घरी येतात. आमच्या पोरांना हे गाणं आवडणार, मलाही आवडलं. आम्हीही गातो. जड नग हलवायचा असला की एकजण सूर देतो आणि बाकीचे ओढतात. पण ते खुशीचं गाणं नसतं. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा, कुणाचा पाय चिरडू नये म्हणून असतं. सिनेमातले बुटके दिवसभर हिरे खणतात, कोठीत ठेवतात, कुलूप लावतात आणि किल्ली दाराशेजारच्या खुंटीला अडकवून घरी जातात! गोदीतल्या माझ्या टोळीला हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "किल्ली तिथंच ठेवतात म्हंजे मालक गावाला गेला असंल." हिरे कुणाचे, विकतं कोण, पगार किती, काही नाही. हिऱ्यांनी भरलेली खाण आणि सात जणांना एक खोली. परीकथा खरी इथं आहे.

त्या सातांतला एक बोलत नाही. इतरांची त्याच्यावर मस्करी चाललेली असते. हिमगौरी विचारते, हा मुका आहे का? तर कळतं, त्याचं त्यालाच ठाऊक नाही, त्यानं कधी बोलून पाहिलेलंच नाही. सिनेमात ह्यावर हशा आहे. मी नाही हसलो. ज्याला कधी बोलून बघायची वेळच आली नाही तो मुका, हे आपल्या इतिहासात विनोद म्हणून लिहिलेलं नाही.

आणि 'बुटका' हा शब्द. उंची कमी असलेली माणसं आपल्या आसपास राहतात, कामाला जातात. पोरं सिनेमा बघून त्यांच्या मागं ओरडत जाणार असतील तर ती आपली जबाबदारी. पीटर डिंकलेज नावाचा नट आहे, स्वतः कमी उंचीचा. त्यानं २०२२ मध्ये जाहीर विचारलं, की नायिकेच्या रंगाबद्दल तुम्ही पुढारलेले झालात, मग गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची जुनी गोष्ट तशीच कशी? त्याचं म्हणणं बरोबर आहे. एकाच्या अंगावरचं ओझं उतरवताना ते दुसऱ्याच्या अंगावर ठेवायचं नसतं.

शेवटाला राजपुत्र येतो, काचेच्या पेटीत निजलेल्या पोरीचं चुंबन घेतो, ती जागी होते. ती झोपलेली, तिला कुणी विचारलेलं नाही. आपल्या बालवाडीत बाई पोरांना शिकवतात, की न विचारता कुणी अंगाला हात लावला तर ओरडायचं. मग दीड तास सिनेमा दाखवून ते धुऊन काढायचं का? आणि मला जे सापडलं ते ऐका. मूळ गोष्टीत चुंबन नाहीच. राजपुत्राचे नोकर ती पेटी खांद्यावर वाहून नेत असतात. चालताना एका झुडपाला अडखळतात, पेटी हादरते, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि पोरगी जागी होते. पहिल्या, १८१२ च्या पुस्तकात तर आणखी मजा. पेटी इकडून तिकडं वाहून वाहून एक नोकर वैतागतो. झाकण उघडतो, तिला उठवून पाठीत एक दणका देतो. तुकडा बाहेर!

म्हणजे तिला जिवंत केलं ते ओझं वाहणाऱ्यांनी. मित्रांनो, ते हमाल होते! सिनेमात त्यांचा पत्ता नाही. मान राजपुत्राला. मला हे कळलं तेव्हा मी धक्क्यावर एकटाच मोठ्यानं हसलो. मुकादम म्हणाला, काय रे, लॉटरी लागली का?

मग सिनेमा फेकून द्यायचा? पडदा लावू नका म्हणणाऱ्या मित्राला मी आता उत्तर देतो. नाही. त्यातली एक जागा मी माझ्या पोरांना दाखवल्याशिवाय राहणार नाही. राणीनं शिकाऱ्याला हुकूम दिलाय, पोरीला रानात नेऊन मार, काळीज पेटीत घालून आण. तो तिला नेतो. ती फुलं गोळा करतेय, एका पिल्लाला जोजवतेय. तो सुरा उगारतो. आणि हात थांबतो. गुडघे टेकतो, क्षमा मागतो, म्हणतो पळ. डुकराचं काळीज घेऊन परत जातो. हुकुमाचा ताबेदार हुकूम मोडतो. सिनेमात हे नसतं तर पुढची गोष्टच नसती. पुढं जे होतं ते, गाणी, बुटके, लग्न, सगळं एका नोकरानं 'नाही' म्हटल्यामुळं होतं. एवढं मोठं शिक्षण पाच मिनिटांत देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. आणि शेवटी बुटके काम टाकून धावतात, सातही एकत्र, सगळ्यांत खवीस तो सगळ्यांत पुढं. पोरं त्या वेळी उठून उभी राहतात. माझी भाची राहिली.

दुसरं असं, की आपण पडदा लावला नाही म्हणून पोर बघायचं थांबत नाही. मोबाइल प्रत्येक खोलीत आहे. ते एकटं बघेल, अर्धं बघेल, आणि आपण शेजारी नसू. आपण बंदी घालत असतो ती सिनेमावर नाही, सोबतीवर.

तेव्हा माझं मत असं. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना हा सिनेमा दाखवू नये. तेवढी पोरं त्या वेळी बाईंनी खाली ओट्यावर खेळवावीत. पाच-सहाच्या पोरांना आई, बाप, ताई, मामा, कुणीतरी शेजारी असेल तरच. आणि रडलं तर उचलून बाहेर न्यायचं, 'घाबरट' म्हणून हिणवायचं नाही. सात-आठच्या वरची पोरं बिनधास्त बघतील. दिवे सगळे बंद करायचे नाहीत. मागचा एक चालू राहील.

सिनेमा लावण्याआधी पंधरा मिनिटं मला द्या. गोदीत टॅलीच्या जुन्या वह्या मिळतात, त्या मी आणतो. प्रत्येक पोरानं वहीच्या कोपऱ्यावर एकेक चित्र काढायचं. माणूस, हात खाली. पुढच्या पानावर हात थोडा वर. वीस पानं झाली की अंगठ्यानं भरभर सोडायची. माणूस हात हलवतो. पोरांना एकदा कळलं, की चेटकीण अशीच वहीच्या पानांवरची आहे, सेकंदाला चोवीस चित्रं पडद्यावरून सरकतात, की तिचा अर्धा दरारा तिथंच संपतो. आणि त्यांना हेही सांगायचं, की ती चित्रं कामगारांनी काढली. काचेसारख्या पत्र्यांवर रेघा गिरवायचं आणि रंग भरायचं काम बायकांचं होतं, आणि पडद्यावर त्यांची नावं नाहीत. दुष्ट राणी चालती-बोलती करणारा चित्रकार आर्ट बॅबिट. युनियनच्या कामावरून १९४१ च्या मेमध्ये त्याला काढून टाकलं आणि स्टुडिओत संप झाला. शेवटी युनियनला मान्यता द्यावी लागली. बघा, राणी ज्यानं काढली तो राणीला घाबरला नाही!

सिनेमा संपल्यावर पोरांना लगेच घरी पाठवायचं नाही. चिवडा वाटायचा आणि चार प्रश्न विचारायचे. शिकाऱ्यानं काय केलं? आरशाला दुसरं काय विचारता आलं असतं? सावत्र नसती तरी ती बाई अशी वागली असती का? झोपलेल्या माणसाला हात लावायचा का? उत्तरं आपण सांगायची नाहीत. पोरांना भांडू द्यायचं. मग मी त्यांना हमालांच्या दणक्याची गोष्ट सांगीन. तेवढं माझ्याकडं ठेवा.

आणि एक काम पोरांचं नाही, आपलं आहे. त्या रात्री मी भाचीचं तोंड धुतलं. पीठ कानामागं वाळून बसलेलं, निघेना. मी तिला म्हणालो, आरसा खोटारडा आहे. ती म्हणाली, "मग आजी पण खोटारडी का?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आईशी बोललो. आई रडली, तिलाही लहानपणी तेच ऐकवलं होतं. आमच्या घरात आता तो शब्द कुणी काढत नाही. पण पोरगी अजून आरशासमोर जरा जास्त वेळ थांबते. मी बघतो, आणि काही बोलत नाही. सिनेमा दाखवायचा की नाही हे आज मतदानानं ठरेल. उजळ-काळं हे शब्द घरातून काढायचे की नाही, याला मतदान नको. ते आज घरी गेल्यावर करायचं.

रविवारी भाची पहिल्या रांगेत बसणार आहे. मी तिच्या शेजारी.

आता ज्यांची हरकत असेल त्यांनी बोलावं. बाई, आधी तुम्ही. मी पाणी पितो.